चाळणीवर उरलेलं

नमुन्याच्या पिशवीच्या तळाशी एक लेंडी होती. हरभऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला किंचित खोलगट. वाळून काळपट झालेली. बोटांत दाबली तेव्हा ती फुटली नाही. तिच्या अंगावरचा काडाचा एक बारीक धागा मात्र सुटून वर आला. विभावरीनं ती चिमट्यानं उचलून खडे आणि मुळ्यांच्या शेजारी ठेवली. माती तपासायला घेण्याआधी बारीक चाळणीतून गाळायची आणि चाळणीवर उरलेलं टाकून द्यायचं, ही पद्धत तिच्या जन्माच्या आधीपासूनची होती. जे माती नाही ते मोजायचं नाही.

चाळलेल्या मातीतली चमचाभर तिनं रीडरमध्ये घातली. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. त्याचं काम संपेपर्यंत तिनं चाळणी झटकली, टेबल पुसलं, कचऱ्याची बादली बाहेर ठेवली. परत आली तेव्हा पडद्यावर नाव उमटलेलं होतं. ते वाचून तिनं आधी खोलीचं दार लावलं आणि मग पुन्हा वाचलं.

परवानाधारक : धनंजय रामराव इंगवले.

तो तिचा थोरला भाऊ होता.

शहरांचा मैला नदीत सोडायला बंदी आल्यापासून प्रक्रिया केंद्रांत तो कुजवून, तापवून, पिळून त्याचा काळा, दमट गाळ होऊ लागला होता. सरकारी कागदांत त्याला जैवगाळ म्हणत, गावांत काळं खत. जमिनीला ते मानवत होतं. पण घराघरांतून, दवाखान्यांतून, कारखान्यांतून आलेल्या धातूंचे आणि औषधांचे अंश त्यात असत. म्हणून ते किती टाकायचं, विहिरीपासून किती लांब टाकायचं, टाकल्यावर महिनाभर त्या रानात जनावर फिरकू द्यायचं नाही, असे नियम होते. ते पसरवायचा धंदा करायचा तर परवाना लागे, आणि नीरेच्या खोऱ्यात पहिला परवाना धनंजयनं काढला होता. तेव्हा अर्ज भरून द्यायला विभावरीच बसली होती.

परवान्याबरोबर प्रत्येकाला भुकटीच्या कुप्या मिळत. भुकटी म्हणजे मातीतल्याच एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू. दिवस वाईट आले की हा जिवाणू स्वतःभोवती कवच करून घेतो. मग त्याला ऊन लागत नाही, आम्ल लागत नाही, उकळतं पाणीही काही काळ लागत नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्या डीएनएमध्ये, जिवाणूला ज्याचा काही उपयोग नाही अशा जागी, अक्षरांचा एक छोटा क्रम लिहिला होता. कोणतं केंद्र, कोणती खेप, कोण परवानाधारक. कवच फोडून पुन्हा वाढण्याची शक्ती तेवढी काढून घेतली होती. तो जगत नव्हता, मरत नव्हता, नुसता राहत होता. टँकर भरताना कुपी आत रिकामी करायची, की तो गाळ पुढे कुठेही गेला तरी नाव घेऊन जायचा. चमचाभर मातीत असे चार-दोन बीजाणू असले तरी रीडर ते नाव वाचत असे.

माणसांना खोटं बोलायला कारणं असतात. यंत्राला नसतात, असं ती नव्या मुलांना शिकवताना सांगत असे.

मातीचा नमुना उज्ज्वला बोराटे यांच्या रानातला होता. ही बाई भेंडी परदेशी पाठवायची. माल घेणाऱ्यांनी रानाची माती तपासून घेतली, तीत काळ्या खताची खूण निघाली, आणि भेंडी बांधावर राहिली. बाईंनी तक्रार केली : माझ्या रानात कुणीतरी चोरून टँकर ओतला.

परवाना अधिकारी देशमाने निवृत्तीला आले होते आणि त्यामुळे कुणालाच घाबरत नव्हते. विभावरीनं त्यांच्यासमोर निकाल ठेवला आणि म्हणाली, "सर, हा माझा सख्खा भाऊ आहे. हे प्रकरण शेजारच्या जिल्ह्याकडे पाठवा."

"नियम मलाही पाठ आहे, मॅडम. पण शेजारच्या जिल्ह्यात रीडर आहे आणि तो वाचणारा माणूस नाही. ते पुन्हा तुमच्याकडेच पाठवतील." त्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "तुम्ही भावाला वाचवाल याची मला भीती नाही. उलटीच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सचोटी दाखवायला तुम्ही त्याला दोन फटके जास्त माराल. तांत्रिक मत सावकाश द्या. सुनावणीला वेळ आहे."

अहवालात 'मत' असा एक रकाना होता. त्यात तिनं लिहिलं, 'राखून ठेवले आहे.'

*

धनंजयचं टँकरांचं आवार माहेरच्या घराला लागून होतं. तीन टँकर धुऊन उभे होते. तो एका टँकरच्या मागे चाकाशी वाकून पसरणीची चक्री साफ करत होता. बहिणीला पाहून उठला नाही.

"बोराटेबाईंच्या रानात गेला होतास?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

"तिकडनं रस्ता जातो. रानात कशाला जाईन?"

"तुझी खूण निघाली."

आता तो उठला. हात पुसले. "माझी?"

"तुझीच. दिवाळीच्या आधीची खेप."

"विभे, मी टाकलं नाय म्हणजे नाय. गाडीवरचा जीपीएस बघ. मिनिटामिनिटाची नोंद हाय."

"जीपीएसचा डबा काढून दुसऱ्या गाडीला बांधायला किती वेळ लागतो?"

"तू मला विचारतीयस का शिकवतीयस?" तो हसला नाही. "आणि मी लोकाच्या रानात फुकटचं खत का टाकू? लोक माझ्याकडं नंबर लावून बसल्यात."

हे खरं होतं. पण गेल्या वर्षी केंद्रानं काही खेपा धातू जास्त निघाले म्हणून अडवल्या होत्या, आणि अशा खेपा लांबच्या खड्ड्यात पुरायला नेण्यापेक्षा कुणाच्या तरी रानात रात्रीत मोकळ्या करणारे वाहक तिला माहीत होते. धनंजय त्यांतला नव्हता. नसावा. हा 'नसावा' तिला गाडीत बसल्यावर टोचायला लागला.

लहानपणापासून धनंजयची एक खोड होती. खोटं बोलायच्या आधी तो समोरच्याला जेवणाचं विचारायचा. डब्यातले लाडू संपवून तो आईकडे जायचा आणि म्हणायचा, "आई, तू जेवलीस का?" वडिलांच्या सायकलीचं चाक वाकवलं त्या दिवशी त्यानं वडिलांना ताटही वाढून दिलं होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक त्यालाच नव्हतं. आज त्यानं जेवणाचं विचारलं नाही. चहाही वहिनीनंच आतून पाठवला.

याचा अर्थ तो खरं बोलत होता, असा घ्यायला हरकत नव्हती. पण विभावरीच्या मनात आलं ते वेगळंच : दादाला ती खोड कुणीतरी सांगितलेली दिसते.

संशयाचं असंच असतं. पुरावा सापडला तर तो वाढतो, आणि नाही सापडला तरी वाढतो.

*

उज्ज्वला बोराटे बांधावर उभ्या राहून तिची वाटच बघत होत्या. पन्नाशीच्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायांत बूट. रानभर भेंडी तोडणीला येऊन वठत चालली होती.

"माहेरच्या इंगवले ना तुम्ही?"

"हो."

"मग काय बघायचं राहिलं? लिहा, बोराटेबाईनं स्वतःच पाटीनं आणून टाकलं म्हणून."

"जे असेल ते लिहीन," विभावरी म्हणाली. "मला सगळ्या रानातून नमुने घ्यायचेत."

"घ्या. तुमच्या भावाचंच नाव परत परत वाचायची हौस असेल तर घ्या."

विभावरीनं रानाचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनातून चमचाभर माती, रीडर, आकडा. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिच्या टॅबवर रानाचा नकाशा तयार झाला होता. जिथे खूण जास्त तिथे गडद रंग, जिथे नाही तिथे पांढरा. ती भेंडीच्या सावलीत बसून त्याकडे बघत राहिली.

टँकर गाळ फेकतो तो पट्ट्यांत. पट्टा मधे दाट, कडांना विरळ. दोन पट्ट्यांच्या मधे कुठे फट राहते, कुठे एकावर एक चढतात. वळणावर गाडी हळू होते, तिथे गडद कमान उमटते. दहा वर्षांत तिनं असे शेकडो नकाशे पाहिले होते. त्यावरून ती चालवणाऱ्याचा हात ओळखायची. धनंजयचे पट्टे सरळ असत.

या नकाशावर पट्टा नव्हता. वळण नव्हतं. रानाच्या मधोमध एक गडद चौकट होती, सगळीकडे सारखी. चौकटीच्या आत खूणच खूण, आणि हातभर बाहेर काही नाही. चौकट बांधाला समांतरही नव्हती. उतारावर थोडी तिरकी बसली होती, कुणीतरी सपाट जागा पाहून मांडल्यासारखी.

तिनं पायांजवळ पाहिलं. ठिबकच्या नळीपासून दूर, दोन ओळींमधल्या कोरड्या मातीत एक लेंडी अर्धी रुतलेली होती. मग दुसरी दिसली. मग नजर बसल्यावर दिसतच गेल्या.

"ताई," तिनं विचारलं, "या रानात मेंढ्या होत्या का?"

"होत्या की. दिवाळीनंतर कोकरे मेंढपाळांचा वाडा बसवला होता."

"तक्रारीच्या अर्जात विचारलं होतं, बाहेरचं कुठलं खत रानात आलं का. तुम्ही नाही म्हणालात."

"नाहीच आलं. एक मूठ नाही." उज्ज्वलाबाई खरोखरच गोंधळल्या होत्या. "मेंढ्या दरसाल येतात, मॅडम. माझ्या सासऱ्यापासून येतात. त्याला कुणी खत टाकणं म्हणतं का?"

कुणीच म्हणत नव्हतं. सुगी झाली की माणदेशातले मेंढपाळ कळप घेऊन कोकणात निघत आणि वाटेत शेतकरी त्यांना रानात बसवून घेत. जाळ्यांचं कुंपण ठोकायचं, रात्रभर शे-दोनशे मेंढ्या आत. सकाळी रान लेंड्यांनी आणि मुतानं शिंपलेलं. बदल्यात पायली-दोन पायली धान्य, चहा, कधी एखादं जुनं लुगडं. विभावरीच्या वडिलांच्या, आप्पांच्या, रानातही कोकऱ्यांचा वाडा बसत असे. तिनं स्वतः त्या जाळ्यांच्या खुंट्या धरल्या होत्या. तरीही मातीच्या पिशवीत लेंडी निघाली तेव्हा तिनं ती चाळणीवरून बादलीत टाकली होती, कारण ती माती नव्हती.

तिनं पाच-सहा लेंड्या गोळा केल्या, वरची माती पाण्यानं धुऊन काढली, खलात घोटल्या आणि रीडरमध्ये घातल्या. उज्ज्वलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

परवानाधारक : धनंजय रामराव इंगवले. आणि आकडा मातीतल्यापेक्षा कितीतरी पट मोठा.

"म्हणजे कसं?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"काळं खत टाकलेल्या रानात मेंढ्या चरल्या. पाल्यावरची धूळ पोटात गेली. बीजाणूला मेंढीच्या पोटातलं आम्ल काही करत नाही. तो एका बाजूनं गेला आणि दुसऱ्या बाजूनं तुमच्या रानात आला."

"आणि त्याच्याबरोबर बाकीची घाण?"

योग्य प्रश्न होता. विभावरीनं त्याच मातीचे आणि लेंड्यांचे नमुने धातूंच्या चाचणीला लावले. निकाल दोन दिवसांनी आला : बोराटेंच्या रानात शिसं, कॅडमियम, जस्त, सगळं शेजारच्या कोणत्याही रानाएवढंच. जंतांची अंडी नाहीत. चिमूटभर धुळीतून धातू जाऊन जाणार किती. पण रीडरला बीजाणू चार-दोनच पुरत होते. खूण पोचली होती, माल पोचला नव्हता. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला जे विचारलं नव्हतं ते त्यानं सांगितलं नव्हतं, इतकंच.

तिनं फोन करून हे उज्ज्वलाबाईंना सांगितलं.

"मग माझा निर्यातीचा दाखला?"

"मेंढ्यांनी खूण आणली असं ठरलं तर पुढच्या हंगामात मिळेल. टँकर ओतला असं राहिलं तर तीन वर्षं मिळणार नाही."

"मग लिहा की आजच्या आज!"

"लिहिते."

"एक विचारू? हे तुम्ही माझं रान सुटलं म्हणून लिहिणार, का भाऊ सुटला म्हणून?"

फोन ठेवताना विभावरीच्या लक्षात आलं, की ती हसत होती.

*

त्याच संध्याकाळी ती माहेरी गेली. धनंजय ओट्यावर बसून टँकरच्या पाइपाला पट्टी गुंडाळत होता.

"दादा, मी चुकले. तू टाकलं नव्हतंस."

"मग? सांगत होतो का नाय!"

"मेंढ्यांनी नेलं. ती खेप तू स्वतःच्याच रानात टाकल्याची नोंद आहे. दिवाळीनंतर कोकऱ्यांच्या मेंढ्या तिथे चरल्या आणि मग बोराटेंकडे बसल्या."

धनंजयचा हात थांबला. पट्टीचं टोक सुटून लोंबायला लागलं. त्यानं ते पुन्हा गुंडाळलं, नीट, सावकाश. मग म्हणाला, "जेवलीस का तू?"

ओट्याखाली कोंबडी माती उकरत होती. विभावरी तिच्याकडे बघत म्हणाली, "नाही."

"जेवून जा. वहिनीनं वांगं केलंय." तो जवळ सरकला. "विभे, एक ऐक. मेंढ्यांचं नाव काढू नकोस."

"का?"

"अगं, एकदा कागदावर मेंढी आली की संपलं. उद्या हेच साहेब म्हणतील, कळपालापण परवाना पाहिजे, मेंढीच्या गळ्यात कुपी बांधा. गरिबांची वाट बंद होईल. आप्पांच्या वेळेपासून यायला लागलेली माणसं ती. त्यापरीस माझ्यावर बालंट राहू दे. जीपीएस साफ हाय माझा. देशमाने संशयाचा फायदा देऊन ताकीद देतील, झालं."

"आणि बोराटेबाई?"

"ती काय, दुसरं पीक घेईल. रान हाय तिला."

"तीन वर्षं, दादा."

"तीन वर्षं म्हणजे काय जन्म नाय."

तिला क्षणभर भरून आलं होतं, हे खरं. दादा स्वतःवर आळ घ्यायला तयार होता, आणि तोही दुसऱ्यांसाठी. आप्पांचा मुलगा शोभत होता. त्या भरून आलेल्या मनाच्या मागोमाग दुसरं मन आलं, हातात फूटपट्टी घेऊन. बोराटेंच्या रानात टँकर ओतल्याचं सिद्ध होणार नव्हतं. मग तो आळ घ्यायला लागतं काय? पण ताज्या खताच्या रानात महिन्याच्या आत मेंढ्या चारल्या, हे सिद्ध होत होतं. कायद्यातलं ते कलम तिला तोंडपाठ होतं : गाळ पाण्यानं, वाऱ्यानं, चाकानं किंवा जनावरानं जिथे जाईल तिथवर जबाबदारी परवानाधारकाची, जनावर त्याच्या संमतीशिवाय शिरलं असेल तर मात्र जनावराच्या मालकाची.

"त्या तुझ्या रानात आल्या कशा?" तिनं विचारलं.

"आता काय सांगू, बाजरीचं रान मोकळं पडलेलं. मी कामावर. शिरल्या असतील. मी काय राखण बसू?" आणि मग पुन्हा, "चल, ताट घ्यायला सांगतो."

ती जेवली. वांगं चांगलं झालं होतं. अहवालातला रकाना त्या आठवड्यातही तसाच राहिला. देशमान्यांनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "मॅडम, मत पिकतंय का सडतंय?" तिनं म्हटलं, "सुनावणीत तोंडी देते."

*

कोकऱ्यांचा नंबर वहिनीकडे होता. विभावरीनं तो कार्यालयातून लावला. फोन फुलाबाई कोकऱ्यांनी उचलला. वाडा महाडच्या अलीकडे होता. घोड्याच्या पाठीवर सौरपट्टी बांधलेली, त्यामुळे फोनला चार्जिंगची ददात नव्हती. पडद्यावर आधी घोड्याचा कान आला, मग फुलाबाईंचा रापलेला चेहरा.

"कोन, विभाताय? रामराव आप्पांची धाकली? आगं बया! किती वर्सांनी! म्हाताऱ्या, हिकडं ये, आप्पांची लेक हाय फोनवर!"

म्हातारा आला नाही. लांबूनच त्यानं हात वर केला. पोरंबाळं, मेंढ्या, कोकणातलं पाणी, सगळं विचारून झालं. विभावरीला पुढचा प्रश्न जड गेला.

"मावशी, औंदा दादाच्या रानात बसला होता का?"

"बसलो न्हाई बाय, नुसतं चारलं. दोन दिस." फुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "तुमच्या दादाचाच फोन आला हुता, बाजरीचा पाला हाय, वाया चाललाय, घिऊन या कळप. लई मन मोठं तेंचं. आप्पांवानी."

"त्यानं सांगितलं का, की तिथं काळं खत टाकलंय?"

"काळं खत सगळीकडंच असतंय की आता. आमी काय वास घेत फिरावं?" मग त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या आणि आवाज उतरवून हसल्या. "आन् परवा परत फोन केला. म्हनलं, कुनी सरकारी मानूस इचारील, तर आमच्या रानात आलोच न्हाई म्हून सांगा. न्हाईतर तुमच्याच मेंढ्या गुतत्याल. मी म्हनलं सांगते की. आता तुमी काय सरकारी न्हाई, तुमी घरच्या. तुमच्यापाशी कशाला लपवायचं?"

विभावरीच्या पाठीमागे भिंतीवर सरकारी बोधचिन्ह होतं. फुलाबाईंना ते पडद्यावर दिसत असणार. दिसूनही त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आप्पांच्या लेकीच्या मागे काहीतरी टांगलेलं असायचंच.

"औंदा येताना तुमच्यासाठी घोंगडी आनते," फुलाबाई म्हणाल्या. "आयच्यासाठी नेली हुती तसली."

फोन बंद झाल्यावर तिनं सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. दादानं मेंढ्या बोलावल्या त्या आप्पांची रीत म्हणून. त्यात लबाडी नव्हती. वाया चाललेला पाला, वाटेनं आलेला कळप. त्यानं नियमाचा विचारही केला नसेल. पण नंतर विचार केला होता, आणि चांगलाच केला होता. मेंढ्यांची गोष्ट दडली तर बोराटेबाईचं रान जाणार होतं. उघडी पडली तर कोकऱ्यांच्या मेंढ्या अडकणार होत्या. दोन्हीकडून एकच माणूस कोरडा राहत होता. ती त्याच्यावर संशय घेत होती ते चुकीच्या गुन्ह्याचा. संशय मात्र चुकीचा नव्हता. असा हिशेब बरोबर आल्याचं समाधान असतं, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

*

सुनावणी देशमान्यांच्याच खोलीत होती. लांब टेबल, एका बाजूला उज्ज्वला बोराटे, समोर धनंजय, इस्त्रीच्या शर्टात. विभावरी टेबलाच्या टोकाला बसली. बाहेरच्या व्हरांड्यात तो तिला भेटला होता. "सकाळपासून काय खाल्लंस का?" त्यानं विचारलं होतं. खरंतर ती वाटेत खाऊन आली होती, तरी तिनं मान हलवली होती, नाही म्हणून.

"चला," देशमाने म्हणाले. "टँकरांच्या जीपीएसमध्ये काही नाही. मातीत खूण आहे. इंगवले म्हणतात टाकलं नाही, बोराटेबाई म्हणतात टाकलं. मॅडम, तुमचं मत आम्ही फार दिवस ऐकतोय, की राखून ठेवलंय. आता काढा बाहेर."

विभावरीनं नकाशा भिंतीवर लावला. गडद चौकट दाखवली. लेंड्यांचे आकडे वाचले, मग धातूंचे.

"बोराटेंच्या रानात जैवगाळ टाकलेला नाही. खूण मेंढ्यांच्या पोटातून आली आहे. खूण आली, गाळ आला नाही. त्यांचा दाखला अडवायला कारण नाही. आणि यापुढे नमुना चाळताना चाळणीवर उरलेलंही तपासावं, अशी माझी सूचना आहे."

उज्ज्वलाबाईंनी डोक्यावरचा टॉवेल सोडला आणि मांडीवर घडी घालून ठेवला. धनंजय बहिणीकडे बघत नव्हता. तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता.

"मेंढ्या," देशमाने म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "हे नवीनच. कुणाच्या?"

"वाटेनं जाणाऱ्या कळपाच्या. इंगवल्यांच्या ताज्या खताच्या रानात चरून आलेल्या."

"मग त्यांना नोटीस काढावी लागेल. कळप तालुक्यात परत आला की अडवावा लागेल. इंगवले, तुमच्या रानात मेंढ्या चरल्या, त्याला तुमची संमती होती का?"

धनंजयनं ग्लास उचलला. पाणी प्यायला. खाली ठेवताना ग्लासाचा आवाज झाला नाही, इतका जपून त्यानं तो ठेवला. मग त्यानं विभावरीकडे पाहिलं. लाडवांच्या डब्याशेजारी सापडल्यावर तो असाच तिच्याकडे बघायचा, आणि ती काही बोलायची नाही. ती धाकटी होती. तिलाही अर्धा लाडू मिळालेला असायचा.

"माझ्या माघारी शिरल्या असतील, साहेब," तो म्हणाला. "रानच्या माणसांचं काय. सांगून थोडीच येतात ती."

देशमाने लिहायला लागले. विभावरीला फुलाबाई दिसल्या, घोड्याच्या कानाशेजारी, आवाज उतरवून हसणाऱ्या.

"सर, लिहू नका," ती म्हणाली.

पेन थांबलं.

"माझं मत अजून पुरं झालेलं नाही. संमती होती. मेंढ्या शिरल्या नाहीत, फोन करून बोलावल्या. खत टाकलंय हे न सांगता बोलावल्या. मेंढपाळांवर जबाबदारी नाही. जबाबदारी परवानाधारकाची." तिचा आवाज आकडे वाचताना होता तसाच होता. "माझ्या दादाचा परवाना रद्द करा."